एकरी ५९ क्विंटल सोयाबीन: विक्रम वाचायचा कसा?

परवा एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता ‘सोयाबीनचे विक्रमी उत्पादन: वाण व व्यवस्थापन’. ट्रीटमेंट आठ. पहिली म्हणजे शेतकऱ्यांची नेहमीची पद्धत. दुसरीत बीजप्रक्रिया, तिसरीत त्यावर जास्तीचं खत, चौथीत सूक्ष्म अन्नद्रव्यं, असं करत आठव्यात सगळंच: सुधारित वाण, रुंद सरी-वरंबा, ठिबक, विद्राव्य खतं, संजीवक, तीन बुरशीनाशकं. प्रस्तावनेत पहिलंच वाक्य अमेरिकेतल्या विक्रमाचं होतं.

मी हसले नाही, कारण माझा पहिला मसुदा जवळपास असाच होता. कमिटीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला होता: “आठवी ट्रीटमेंट पहिलीपेक्षा जास्त येणार, हे तुला आत्ताच माहीत आहे ना? मग प्रयोग कशासाठी करतेस?” मला उत्तर देता आलं नव्हतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर सोयाबीनच्या विक्रमी उत्पादनाबद्दल तीन प्रकारचं लिखाण तुमच्या वाचनात येईल: विक्रमाच्या बातम्या, त्या विक्रमांमागची कारणं शोधणारे शोधनिबंध, आणि आपल्याकडच्या यशोगाथा. तिन्हींत काय घेण्यासारखं आहे आणि काय बाजूला ठेवावं, त्याबद्दल आज लिहिते आहे.

आधी आकडे एका मापात आणू

अमेरिकेत सोयाबीन एकरी बुशेलमध्ये मोजतात. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे साधारण २७.२ किलो. एकर तोच, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

मिसुरी राज्यातल्या किप कलर्स या शेतकऱ्याने २००६ मध्ये एकरी १३९ बुशेल, म्हणजे जवळजवळ ३८ क्विंटल काढले. २०१० मध्ये त्यानेच १६०.६ बुशेल काढले, सुमारे ४३.७ क्विंटल. मग विक्रम जॉर्जिया राज्यात गेला. रँडी डाउडीने २०१९ मध्ये १९० बुशेल ओलांडले. २०२३ मध्ये ॲलेक्स हॅरेलने २०६.८ बुशेल काढले आणि २०२४ मध्ये स्वतःचाच विक्रम मोडून २१८.३ वर नेला. म्हणजे एकरी ५९.४ क्विंटल, हेक्टरी १४.७ टन.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेची राष्ट्रीय सरासरी २००६ मध्ये एकरी सुमारे ४३ बुशेल होती आणि २०२४ मध्ये ५१ च्या आसपास. आपल्या मापात ११.७ क्विंटलवरून पावणेचौदा क्विंटल.

अठरा वर्षांत विक्रम एकरी २१ क्विंटलने वाढला आणि सरासरी दोन क्विंटलने. ज्या देशात बियाणं, यंत्रं, कर्ज, सल्लागार सगळं हाताशी आहे, जिथे विक्रमवीरांची भाषणं ऐकायला शेतकरी लांबून येतात, त्या देशातली ही गोष्ट. विक्रमाची कृती खरोखर उचलून नेण्यासारखी असती, तर सरासरी थोडी तरी त्याच्या मागे धावली असती. ती का धावली नाही, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. बातमीत तो सापडत नाही.

बातमीतून काय कळतं?

आधी बातमीच्या बाजूने बोलते, कारण आपल्याकडे ‘असलं काही नसतं’ म्हणून उडवून लावायची पण सवय आहे. हे विक्रम स्पर्धेतले आहेत. काढणीच्या वेळी त्रयस्थ माणूस हजर असतो, क्षेत्र मोजलेलं असतं, माल काट्यावर तोलला जातो, ओलावा ठराविक पातळीला आणून वजन धरलं जातं. म्हणजे आकडा खरा मानायला हरकत नाही. त्यातून एक गोष्ट पक्की होते: सोयाबीनच्या झाडाची क्षमता हेक्टरी १४ टनांपर्यंत जाऊ शकते.

पण तेवढंच. ‘हे शक्य आहे’ आणि ‘हे अमुक गोष्टीमुळे झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. बातमी पहिल्या विधानाचा पुरावा देते आणि वाचकाला दुसरं विधान घेऊन घरी पाठवते. शेतकऱ्याने तीस गोष्टी केल्या, त्यांची यादी छापली जाते. त्यातल्या कुठल्या पाचांनी काम केलं, कुठल्या वीस नुसत्या सोबत होत्या आणि कुठल्या पाचांनी थोडं नुकसानच केलं, हे कळायला शेजारी तुलनेचा पट्टा हवा. स्पर्धेच्या शेतात तो नसतो, कारण तिथे कोणी मुद्दाम कमी उत्पादन का काढेल?

दुसरी अडचण निवडीची आहे. एक छोटा हिशेब करून बघा. समजा एका तालुक्यातले शंभर शेतकरी अगदी सारखं पॅकेज वापरतात. सरासरी एकरी ८ क्विंटल, प्रमाण विचलन २ क्विंटल. पॅकेज सारखं असलं तरी जमीन, पाऊस, पेरणीचा दिवस यांमुळे फरक पडणारच. वितरण नेहमीचं घंटेच्या आकाराचं धरलं, तर या शंभरांतल्या सर्वांत वरच्याला साधारण १३ क्विंटल मिळतील. आता पत्रकार त्याच्याच घरी जाणार आणि विचारणार, “काका, तुम्ही काय वेगळं केलंत?” काका प्रामाणिकपणे आठवून सांगतील, आणि जे सांगतील ते बाकी नव्याण्णव जणांनीही केलेलं असेल. काका खोटं बोलत नाहीत. चूक आहे ती फक्त वरच्या टोकाला प्रश्न विचारण्यात.

वाण म्हणजे नुसतं नाव नव्हे, ते वेळापत्रक आहे

जॉर्जियातल्या विक्रमातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट बातम्यांत एखाद्या ओळीत उरकलेली असते. हॅरेलने वापरलेला वाण मॅच्युरिटी ग्रुप चारचा होता. अमेरिकेच्या आग्नेय भागात पारंपरिक पेरणी होते ती सहा, सात, आठ या उशिरा येणाऱ्या गटांची. इथे उत्तरेकडचा लवकर येणारा वाण दक्षिणेत आणला, वसंतात लवकर पेरला आणि ऑगस्टमध्ये काढला.

असं का? सोयाबीन हे दिवसाच्या लांबीला ओळखणारं पीक आहे. वाण कुठल्या तारखेला फुलणार, हे त्याचा गट, ठिकाणाचं अक्षांश आणि पेरणीची तारीख मिळून ठरवतात. लवकर पेरलेला ग्रुप चारचा वाण तिथे अशा बेताने फुलतो की शेंगा धरण्याचा आणि दाणे भरण्याचा काळ जून-जुलैत येतो, जेव्हा जॉर्जियात दिवस जवळपास सव्वाचौदा तासांपर्यंत गेलेला असतो आणि ऊन भरपूर असतं. पाण्याची चिंता नाही, कारण शेत बागायती आहे. म्हणजे विक्रमाच्या मुळाशी वाणाची जादू कमी आणि पिकाच्या सर्वांत महत्त्वाच्या पन्नासेक दिवसांवर वर्षातलं सर्वांत चांगलं ऊन आणून ठेवण्याची युक्ती जास्त.

हीच युक्ती मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आधीपासून वापरात आहे. तिथे लवकर येणारे वाण लवकर पेरण्याची पद्धत १९९० च्या दशकात रुजली, पण कारण वेगळं होतं: उन्हाळ्याच्या शेवटी पडणारा कोरडा ताण टाळायचा होता. तत्त्व एकच, उपयोग दोन.

आता आपल्याकडे या. लातूर-परभणीकडे पेरणी मृग-आर्द्रात, पाऊस झाला की. फुलोरा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, म्हणजे आभाळ भरलेलं असताना. जूनच्या शेवटी आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि त्यानंतर तो लहानच होत जातो. दाणे भरताना पावसाची उघडीप पडली तर हलक्या जमिनीत पीक उभ्या उभ्या वाळतं. या परिस्थितीत ‘जॉर्जियातला वाण आणला तर?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न असा: आपल्या कुठल्या जमिनीत, पाऊस सरासरी कधी थांबतो, आणि त्याआधी दाणे भरून होतील असा वाण कुठला?

तसं पाहिलं तर आपल्या वाणांची यादी वेगळी दिसायला लागते. साधारण ८५ दिवसांत येणारा जेएस ९५६० हलक्या जमिनीत, लवकर पाऊस थांबणाऱ्या भागात पावसाच्या आत निसटून जातो. जबलपूरच्या विद्यापीठाचा, १९९० च्या दशकात आलेला जेएस ३३५ मधल्या कालावधीचा म्हणून इतकी वर्षं टिकला. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, जरा जास्त दिवस घेतो. भारी जमीन आणि हाताशी पाणी असेल तिथे ते जास्तीचे दिवस दाण्यात उतरतात. शिवाय सांगली-कोल्हापूरच्या हवेत तांबेऱ्याचा त्रास असतो, तिथे त्याची सहनशीलता उपयोगी पडते. तोच वाण विदर्भातल्या मुरमाड कोरडवाहू रानात लावला तर तेच जास्तीचे दिवस अंगावर येऊ शकतात. ‘सर्वांत चांगला वाण कोणता?’ या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून देणारा लेख दिसला, की पुढे वाचायच्या आधी बघा: ठिकाण, जमीन आणि पेरणीची तारीख दिली आहे का?

झाडावरच्या शेंगा मोजा

बियाण्याच्या प्रमाणाचंही असंच होतं. हॅरेलने एकरी लाखापेक्षा कमी बी पेरलं. आपली नेहमीची शिफारस ४५ × ५ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी ४.४४ लाख झाडं, एकरी पावणेदोन लाखांच्या वर. लगेच निष्कर्ष निघतो: ‘विरळ पेरा, विक्रम करा.’

थांबा, आधी कागदावर मांडू. हिशेबापुरती तिथे एकरी ८५ हजार झाडं आणि शंभर दाण्यांचं वजन २० ग्रॅम धरू. हेक्टरी १४.७ टन म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७,३०० दाणे. चौरस मीटरमध्ये झाडं २१. म्हणजे झाडाला ३५० दाणे, शेंगेत अडीच दाणे धरले तर १४० शेंगा. एवढ्या शेंगा धरायला झाडाला फांद्या फोडायला लांब मोसम, ऊन आणि न तुटणारं पाणी लागतं. आपल्या शंभर दिवसांच्या कोरडवाहू पिकात फांद्या तेवढ्या पसरायच्या आत मोसम संपतो. विरळ पेरणी हे तिथे विक्रमाचं कारण आहे की बाकी सगळं जमून आल्यामुळे परवडलेली गोष्ट आहे, हे आकड्यावरून ठरत नाही. आपल्याकडे टोकण पद्धतीने कमी बियाण्यात चांगलं पीक घेणारे शेतकरी आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे भारी जमीन आणि संरक्षित पाणीही आहे, हे विसरू नका.

आता आपलं गणित. भारताची सरासरी हेक्टरी साधारण एक टन. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला ८३३ दाणे. शिफारशीप्रमाणे ४४ झाडं असतील, तर झाडाला १९ दाणे, म्हणजे आठ-नऊ शेंगा!

तुम्ही कधी धड उगवलेल्या सोयाबीनच्या रानात उभे राहिला आहात का? आठ शेंगांचं झाड आपण बघतच नाही. बऱ्यापैकी रानात झाडाला तीस-चाळीस शेंगा सहज दिसतात. ४४ झाडं, ३० शेंगा, शेंगेत २.३ दाणे, १२ ग्रॅमचं वजन, हे गुणून बघा: हेक्टरी ३६ क्विंटल, एकरी साडेचौदा. हे कुठल्याही टॉनिकाशिवायचं गणित आहे.

मग हे क्विंटल जातात कुठे? झाडं ४४ नसतातच. घरचं बियाणं उगवणशक्ती न तपासता पेरलं, मळणीत साल दुखावलेलं होतं, बी खोल पडलं, पेरणीनंतर पावसाने पाठ फिरवली किंवा पाणी साचलं. पुढे शेंगा भरल्याच नाहीत, पिवळा मोझॅक आला, काढणी लांबली आणि शेंगा तडकल्या. आपल्या सरासरीची गळती बहुतेक या पायऱ्यांवर आहे, आणि विक्रमाच्या यादीतली शेवटची दहा नावं त्यातल्या एकाही भोकाला बूच लावत नाहीत. म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली उगवलेली आणि काढणीला उरलेली झाडं, दोन्ही मोजणार असं लिहा. या दोन आकड्यांशिवाय उत्पादनाचा आकडा अर्धा मुका असतो.

चांगल्या शोधनिबंधांनी काय केलं?

विक्रमाकडे संशोधकांनी कसं बघावं, याचा एक नमुना आर्कान्सा विद्यापीठातला आहे. रायन व्हॅन रोकेल आणि लॅरी पर्सेल यांनी किप कलर्सच्या स्पर्धेच्या शेतातच जाऊन पीक मोजलं. वाढीचा वेग किती, नत्र किती वेगाने साठतं, प्रकाशाचं वस्तुमानात रूपांतर किती कार्यक्षमतेने होतं, हे तपासून २०१४ मध्ये ‘क्रॉप सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. त्यांनी शेतकऱ्याची यादी उतरवून घेऊन त्यावर ‘पॅकेज’ असं लिहिलं नाही. झाड आतून काय वेगळं करत होतं, ते विचारलं. यादी त्या शेताची असते, पण झाडाच्या आतली प्रक्रिया दुसऱ्या शेतातही तपासता येते.

नत्राचंच बघा. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ३५ टक्के प्रथिनं धरली तर नत्र ५.६ टक्के. हेक्टरी १४.७ टन दाण्यात ८२० किलो नत्र! २००८ साली साल्वाजिओत्ती आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्यात सोयाबीन आपल्या नत्राच्या गरजेपैकी सरासरी ५० ते ६० टक्के गाठींमधून भागवतं आणि हवेतून घेतलेल्या नत्राची नोंदलेली वरची मर्यादा हेक्टरी ३३७ किलो होती. मग विक्रमी शेतातलं उरलेलं नत्र कुठून आलं? जमिनीतून, सेंद्रिय खतातून, वरून दिलेल्या खतातून, की त्या परिस्थितीत गाठीच जास्त काम करतात? त्या आढाव्यातले प्रयोग एवढ्या उत्पादनाचे नव्हतेच, त्यामुळे ३३७ ही भिंत आहे असंही म्हणता येत नाही. पीएच.डी. असा प्रश्न घेऊन करावी. ‘आठवी ट्रीटमेंट जिंकली’ यावर नव्हे.

आणि लगेच ‘म्हणजे सोयाबीनला युरिया मारा’ असा अर्थ काढू नका. त्याच आढाव्यानुसार वरून दिलेल्या नत्राला प्रतिसाद मिळण्याची शक्यता हेक्टरी साडेचार टनांच्या वरच्या उत्पादनात जास्त आहे. एक टनाच्या रानात युरिया टाकला तर पाला माजतो आणि गाठी सुस्तावतात.

दुसरा निबंध ऑर्लोव्स्की आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा, तोही ‘क्रॉप सायन्स’मधला. अमेरिकेतल्या नऊ राज्यांत २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं, बाजारात ‘उत्पादन वाढवणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निविष्ठा त्यांनी सुट्या आणि एकत्रही तपासल्या. एकत्रित पॅकेजने नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्तीत जास्त १२ टक्के वाढ दिली. दक्षिणेकडच्या भागात सरासरीत वाढ दिसलीच नाही. उत्तरेत बुरशीनाशकाचा परिणाम ठळक होता. आणि पैशांत मांडल्यावर, सगळं एकत्र टाकून खर्च निघण्याची शक्यता फारशी आशादायक नव्हती.

या निबंधावरही माझा एक आक्षेप आहे. भागांच्या सरासऱ्या काढल्या की एखाद्या शेतात, एखाद्या रोगाच्या वर्षात मिळालेला मोठा फायदा सपाट होतो. ‘सरासरीत नाही’ म्हणजे ‘कधीच नाही’ असं नव्हे. पण बारा टक्के हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलिनॉय विद्यापीठाच्या फ्रेड बिलो यांची मांडणीही वाचा. त्यांनी सोयाबीनच्या उत्पादनावर परिणाम करणारे सहा घटक क्रमाने लावले आणि पहिल्या जागी हवामान ठेवलं. त्यांच्या गटाची प्रयोगाची रीत घेण्यासारखी आहे: साध्या पद्धतीत एकेक घटक वाढवायचा, आणि पूर्ण पॅकेजमधून एकेक घटक काढून बघायचा. एकाच प्रयोगात बेरीज आणि वजाबाकी. एखादी फवारणी साध्या रानात काही देत नसेल पण पूर्ण पॅकेजमधून काढली की उत्पादन पडत असेल, तर ते असं कळतं. ज्युनिअरच्या मसुद्यात फक्त चढती शिडी होती. तिच्यात चौथ्या पायरीचा परिणाम हा नेहमी खालच्या तीन पायऱ्यांसकटचा असतो.

आपला आरबीडी काय पाहू शकतो?

आता आपल्याच घरातली टीका. आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, हा आपला ठरलेला साचा. एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम १४. सी.व्ही. १० टक्के आला तर गाईड खूश. मग पाच टक्के पातळीवर सी.डी. किती येईल? २.१४५ गुणिले १० गुणिले वर्गमूळात दोन भागिले तीन. उत्तर सरासरीच्या १७.५ टक्के.

म्हणजे साडेसतरा टक्क्यांपेक्षा लहान फरक असला तर आपला प्रयोग ‘एनएस’ म्हणणार. नऊ राज्यांत सगळं पॅकेज मिळून जास्तीत जास्त १२ टक्के वाढ दिसली, आणि आपण एकट्या टॉनिकाचा परिणाम या चाळणीने पकडायला निघालोय!

हे शेतकऱ्याच्या खिशात मांडू. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजार समित्यांमध्ये भाव बराच काळ त्याच्या खाली होते. हिशेबाला ४,००० धरू. एका फवारणीचा औषध-मजुरीसकट खर्च एकरी १,५०० धरला तर तो निघायला ३७-३८ किलो जास्त पिकायला हवं. आठ क्विंटलच्या रानात ते पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे. तेवढा फरक सी.डी.त बसवायचा तर साधारण ३२ रेप्लिकेशन लागतील.

यातून दोन प्रकारची चूक होते. फायद्याची गोष्ट ‘एनएस’ म्हणून फेकली जाते. आणि चुकून एखाद्या वर्षी फरक साडेसतराच्या वर गेला, तर तो खऱ्यापेक्षा फुगलेलाच असतो, कारण फुगल्याशिवाय तो चाळणीवर राहिलाच नसता. तो फुगलेला आकडा निबंधात जातो, तिथून माहितीपत्रकात, तिथून दुकानाच्या काउंटरवर. पैसे मोजतो तो आठ क्विंटलवाला.

उपाय काय? ट्रीटमेंट कमी करा, ठिकाणं वाढवा. आठ ट्रीटमेंट एका फार्मवर लावण्यापेक्षा तीन ट्रीटमेंट दहा शेतकऱ्यांच्या रानात लावा, प्रत्येक रान हा एक ब्लॉक धरा. वाण आणि पेरणीची तारीख यांचा एकमेकांवरचा परिणाम तपासायचा असेल तर दोन वाण, दोन तारखा पुरेत, पण दोन हंगाम करा. आणि उत्तर ‘सिग्निफिकंट, नॉन-सिग्निफिकंट’ एवढ्यावर सोडू नका. फरक किती, त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा किती, आणि खर्च निघायला किती हवा होता, हे तिन्ही आकडे एका ओळीत द्या.

यशोगाथा वाचताना

आपल्याकडच्या यशोगाथा मी आवडीने वाचते, आणि वाचाव्यातच. नवे प्रश्न तिथूनच मिळतात. फक्त वाचताना हातात पेन्सिल ठेवा. ‘एकरी २० क्विंटल’ असं लिहिलं असेल तर बघा: वजन किती क्षेत्राचं केलं? एका गुंठ्यात ५० किलो आले की चाळीसने गुणून वीस क्विंटल होतात, पण तो गुंठा कुणी निवडला? ओलावा किती होता? १८ टक्के ओलाव्याचे वीस क्विंटल वाळवून खरेदीच्या १२ टक्क्यांवर आणले की साडेअठराच्या आसपास उरतात. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला त्याच वर्षी किती झालं? त्याच शेतकऱ्याला गेल्या वर्षी किती झालं होतं? आणि बेरजेच्या शेवटी खर्च लिहिला आहे का?

या पाचांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर ती यशोगाथा रिव्ह्यूमध्ये घेण्याच्या लायकीची. एकाचंही मिळालं नाही तर ती प्रस्तावनेतही नको.

ज्युनिअरला मी मसुदा परत पाठवला, तेव्हा खूण फक्त शीर्षकावर केली होती. ‘विक्रमी’ हा शब्द खोडून तिथे विचारलं होतं: “तुझ्या तालुक्यातल्या आठ क्विंटलवाल्याचे पुढचे दोन क्विंटल कुठे अडलेत?” दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती गावातल्या पाच रानांत जाऊन चौरस मीटरमधली झाडं मोजून आली होती. एकाही रानात ती ४४ नव्हती. एका ठिकाणी तर एकोणीसच. “ताई, आता विषय बदलू का?” तिने विचारलं. विषय तोच ठेव म्हटलं, प्रयोग बदल.